होशार घराण्याची वाइन : पांढऱ्या व लाल मद्याच्या चाखणीतून द्राक्षबागेची परीक्षा

शेतमालाची परीक्षा बहुधा बाजारात होते. गुळाची ढेप फोडून आतला रंग व कणी पाहतात, कापसाचा धागा बोटांनी ताणून पाहतात, जोंधळ्याचे दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारतात. द्राक्षांचेही तसेच आहे. मण्याचा आकार, देठाचा हिरवेपणा, सालीचा पातळपणा व रसाची गोडी एवढ्या गोष्टी पाहून व्यापारी भाव सांगतो. आणि पेट्या भरून गाडी हलली की बागाईतदाराचा व त्या फळाचा संबंध बहुतेक संपतो. फळ काही दिवसांत खाल्ले जाते, आणि त्याबरोबर त्या सालच्या छाटणीचे, पाण्याचे, खताचे व हवेचे सारे गुणदोषही विसरले जातात.

परंतु द्राक्षाची आणखी एक परीक्षा आहे. ती फळ तोडल्यानंतर सहा-सात वर्षांनी, कधी कधी वीस-पंचवीस वर्षांनीही होते, आणि तीत बागेचा एकही गुण वा दोष लपत नाही. ती परीक्षा म्हणजे वाइनची चाखणी होय. या चाखणीचा एक मासला वाचकांपुढे ठेवावा, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहो.

प्रारंभीच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. मद्यपानाचा पुरस्कार करणे हा आमचा उद्देश नव्हे. द्राक्षाचा रस आंबवून टिकविण्याची विद्या आपल्याकडे नवी नाही. द्राक्षासव हे औषध वैद्यांच्या कपाटात पिढ्यान्‌पिढ्या आहे. शिवाय जे लोक वाइनची परीक्षा हा धंदा म्हणून करतात ते घोट गिळीत नाहीत. तोंडात घोळवून तो जवळच्या भांड्यात थुंकून टाकतात. परीक्षा नशेची नसून चवीची असते, आणि चव ही अखेर शेतातूनच येते. आमचे लक्ष त्या शेताकडे आहे.

ही माहिती आपल्या बागाईतदारांस निरुपयोगी नाही. महाराष्ट्र सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रिया धंद्यास उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले, आणि नाशिक, पुणे, सांगली, सोलापूर या बाजूंस वाइनच्या जातींची लागवड वाढली. पुढे २००८-०९ च्या सुमारास बाजार मंदावला, फळाला उठाव राहिला नाही, आणि पुष्कळांनी वाइनच्या बागा उपटून टाकल्या. त्या वेळी भावाची चर्चा पुष्कळ झाली. परंतु ज्याने बाग लावली त्यानेच आपल्या फळाची वाइन कधी चाखून पाहिली होती काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. फळ वजनावर व गोडीच्या अंशावर विकले गेले. ते पुढे कशास उतरले, याचा हिशेब बागाईतदाराच्या हाती कधी आलाच नाही. हिशेब हाती असला म्हणजे काय होते, हे पाहण्यासाठी आम्ही एक दूरचे, परंतु प्रसिद्ध उदाहरण निवडले आहे.

घराणे व त्याचे ठाणे

लेबनॉन हा भूमध्य समुद्राच्या पूर्व काठावरील लहानसा डोंगराळ देश. त्याच्या राजधानीच्या, म्हणजे बैरूतच्या, उत्तरेस समुद्राकडे पाहणाऱ्या डोंगरउतारावर गझीर नावाचे गाव आहे. तेथील अठराव्या शतकातील एका जुन्या वाड्याच्या तळघरात गास्तों होशार या तरुणाने १९३० साली वाइनचा कारखाना काढला. त्या वेळी त्याचे वय अवघे वीस वर्षांचे होते, आणि फ्रान्समधील बोर्दो प्रांतातील द्राक्षमळे पाहून तो नुकताच परतला होता. कारखान्याचे नाव शातो म्युझार. दुसऱ्या महायुद्धात बोर्दोतील एका जुन्या मळेवाल्या घराण्याचे रोनाल्ड बार्टन हे लष्करी कामगिरीवर लेबनॉनमध्ये होते. त्यांचा व गास्तोंचा इतका स्नेह जडला की गास्तोंने आपल्या धाकट्या मुलाचे नाव रोनाल्ड ठेविले.

थोरला मुलगा सर्ज याने बोर्दो येथे वाइनशास्त्राचे शिक्षण घेतले व १९५९ साली तळघराचे काम हाती घेतले. रोनाल्डने व्यापाराची बाजू सांभाळली. सर्ज होशार २०१४ च्या अखेरीस निवर्तले. सांप्रत तिसरी पिढी काम पाहते. एका घराने नव्वदांहून अधिक वर्षे एकच धंदा, एकाच तळघरात, आपल्या बागांशी संबंध न तोडता चालविला, ही गोष्ट सामान्य नव्हे.

जमीन, हवा व जाती

कारखाना समुद्राच्या बाजूस असला तरी लाल वाइनच्या बागा डोंगराच्या पलीकडे, बेका नावाच्या खोऱ्यात आहेत. एका बाजूस लेबनॉन पर्वत व दुसऱ्या बाजूस प्रतिलेबनॉन पर्वत, यांच्यामध्ये हे लांबट खोरे पसरले असून ते समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंच आहे. जमीन खडेमिश्रित, खाली चुनखडीचा थर, निचरा उत्तम. हिवाळ्यात पाऊस व हिम पडते, वेल त्या वेळी पानझडीत झोपलेला असतो. उन्हाळा कोरडा जातो. दिवस उन्हाचे, रात्री थंड. दिवसाच्या उन्हाने साखर भरते व रात्रीच्या गारव्याने रसातील आंबटपणा टिकतो. वाइनला या दोहोंची सारखीच गरज आहे.

आपल्या नाशिककडील बागेची गोष्ट याच्या उलट आहे. आपल्याकडे पाऊस जून ते सप्टेंबर; वेल थंडीने झोपत नाही, म्हणून त्याला छाटून झोपेचे काम आपणच कात्रीने करतो. एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी व ऑक्टोबरची छाटणी फळासाठी, अशा दोन छाटण्या आपणांस कराव्या लागतात. वाइनची फळे जानेवारी ते मार्चपर्यंत उतरतात, आणि शेवटी शेवटी ऊन तापू लागते. म्हणून बेकाची रीत जशीच्या तशी येथे उचलता येणार नाही. कारण तपासावे, रीत नक्कल करू नये, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

लाल वाइनसाठी होशार तीन जाती लावतात : काबर्ने सोव्हिन्यों, कारिन्यां व सँसो. तिन्ही जाती फ्रान्सकडून लेबनॉनमध्ये आलेल्या. पांढऱ्या वाइनची गोष्ट मात्र निराळी. तिच्यासाठी ओबैदेह व मेरवाह या दोन देशी जाती वापरतात. ओबैदेहचे वेल प्रतिलेबनॉनच्या पायथ्याशी खडकाळ चुनखडीच्या जमिनीत आहेत, तर मेरवाहचे वेल लेबनॉन पर्वताच्या समुद्राकडील अंगास. दोहोंची ठिकाणे बेकाच्या तळापेक्षा उंच आहेत. हे वेल फार जुने. मांडवावर किंवा तारेवर न चढविता झुडपासारखे वाढविलेले, आणि विशेष म्हणजे कलम न करता आपल्याच मुळांवर उभे. युरोपात फायलोक्सेरा किडीने गेल्याच्या आधीच्या शतकात मुळे खाऊन टाकल्यापासून बहुतेक सर्वत्र अमेरिकी खुंटावर कलम केलेला वेल लावतात. स्वतःच्या मुळावरचा इतका जुना वेल आज दुर्मिळ आहे. ओबैदेहचा उपयोग तेथील लोक पूर्वापार खाण्यास व अरक गाळण्यास करीत. या ‘गावठी’ फळाची उंची वाइन होऊ शकेल, असे बाहेरच्या जाणत्यांस वाटत नव्हते.

तळघरातील कृती

चाखणीकडे वळण्यापूर्वी कृती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. कारण कृती ठाऊक नसेल तर चव कोठून आली हे कळणार नाही.

लाल व पांढऱ्या वाइनमध्ये मुख्य भेद सालीचा. द्राक्ष काळे असले तरी बहुतेक जातींचा रस पांढराच असतो. रंग व तुरटपणा सालीत असतो. लाल वाइन करताना मणी चिरडून रस, साल व बिया एकत्रच आंबवितात. पांढरी करताना आधी दाबून रस काढतात व केवळ रसच आंबवितात. म्हणून लाल वाइनला तुरटपणाचा कणा असतो, आणि पांढरीला आंबटपणाच्या आधारावर उभे राहावे लागते.

होशारांच्या बागेतील घड हातांनी तोडले जातात. तोडणीचे काम पुष्कळसे बेदुइन मजूर करतात. नंतर मालमोटारी पर्वत ओलांडून गझीरला येतात. आंबविण्यासाठी बाहेरचे विरजण घालीत नाहीत. फळाच्या अंगावर व तळघरात जे किण्व निसर्गतः असते त्याचेच काम. लाल वाइनच्या तिन्ही जाती सिमेंटच्या टाक्यांत वेगवेगळ्या आंबतात, नंतर सुमारे एक वर्ष फ्रान्समधील ओक लाकडाच्या पिपांत मुरतात. मग त्यांचे मिश्रण होते, तिसऱ्या वर्षाच्या शेवटी बाटल्या भरतात, आणि त्या बाटल्या आणखी चार वर्षे तळघरात पडून राहतात. म्हणजे तोडणीपासून सात वर्षांनी माल बाजारात जातो. पांढरी वाइन ओकच्या पिपांत सुमारे नऊ महिने राहते, पहिल्या वर्षाच्या अखेरीस बाटलीत भरली जाते, आणि तीही पुढे कित्येक वर्षे थांबते. टिकविण्यासाठी वापरावयाचा गंधकाचा अंश होता होईल तो कमी ठेवितात, व वाइन गाळून अगदी निर्मळ करण्याचा हट्ट धरीत नाहीत. २००६ साली या बागांस सेंद्रिय शेतीचे प्रमाणपत्र मिळाले; लेबनॉनमधील वाइनधंद्यात ते पहिलेच होते.

चाखणीची रीत

या घराण्याच्या चार वाइन आम्हांस ओळीने चाखावयास मिळाल्या : दोन लाल व दोन पांढऱ्या. प्रत्येक जोडीत एक वाइन नुकतीच बाजारात आलेली व दुसरी तिच्याहून सुमारे दहा वर्षांनी जुनी होती. सर्वत्र अशी वहिवाट आहे की, आधी पांढरी चाखावी व मग लाल. कारण हलकी चव जड चवीनंतर जिभेला लागत नाही. सर्ज होशार मात्र पाहुण्यांस आधी लाल देत व पांढरी शेवटी. आम्हीही त्याच क्रमाने गेलो. प्रथम हा क्रम आम्हांस लहरीचा वाटला. पण तो तसा नव्हता, हे पुढे दिसून येईल.

रीत साधी आहे. काचेच्या निमुळत्या पेल्यात थोडी वाइन घ्यावी, पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग पाहावा. मग तो हलके फिरवून वास घ्यावा. नंतर लहान घोट तोंडात घेऊन जिभेच्या सर्व भागांवर फिरवावा. गोडी, आंबटपणा, तुरटपणा व गरमपणा ही चार मापे निरनिराळी लक्षात ठेवावी. घोट थुंकल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते मोजावे. गवयाचा सूर थांबल्यावर तो कानात किती वेळ राहतो, यावरून आपण गवई ओळखतो, तद्वतच हे होय. शेवटी प्रत्येक गुणदोषाचे कारण शोधावे. हा शेवटचा भाग शौकिनांस बहुधा नको असतो. शेतकऱ्यास तोच मुख्य.

लाल वाइन

नव्या लाल वाइनचा रंग फार गडद नव्हता. माणकासारखा स्वच्छ, कडेला किंचित विटकरी. गडद रंग म्हणजे उत्तम वाइन, असा पुष्कळांचा समज असतो. येथे तो लागू पडत नाही. सँसोचा मणी मोठा व सालीचा रंग सौम्य. त्यामुळे मिश्रणास सुवास व मऊपणा येतो, पण काळसरपणा येत नाही. वास घेताच आधी पिकलेल्या चेरीचा, मागून सुकलेल्या अंजिराचा व दालचिनीसारख्या मसाल्याचा भास झाला. तोंडात तुरटपणा स्पष्ट, परंतु हिरवट नव्हता. हे अंतर महत्त्वाचे आहे. फळ साखरेने भरले पण साल व बी कच्ची राहिली, तर तुरटपणा कच्च्या केळाच्या सालीसारखा दात धरतो. बी तपकिरी होईपर्यंत घड वेलावर ठेविला, तर तोच तुरटपणा चांगल्या चहासारखा होतो. केवळ गोडीचा अंश पाहून तोडणीचा दिवस ठरविणाऱ्या बागाईतदाराने हे ध्यानात धरावे. मणी फोडून बी चावून पाहण्यास काही खर्च लागत नाही.

जुनी लाल वाइन काही तास आधी दुसऱ्या भांड्यात हळूच ओतून ठेविलेली होती. याचे दोन हेतू : तळाचा साका मागे राहावा व वाइनला हवा लागावी. हिचा रंग आणखी उतरून कवेलूच्या छटेवर आला होता. ताज्या फळाचा वास मागे सरला होता, आणि त्याच्या जागी खारीक, कमावलेले चामडे, तंबाखूची पाने, पावसाळ्यानंतरच्या वाळल्या पाल्याचा वास, असे एकामागून एक येत गेले. तुरटपणा जवळजवळ विरला होता. आंबटपणा मात्र जसाच्या तसा उभा होता. जुन्या वाइनला तारून नेतो तो हा आंबटपणाच. आणि तो तळघरात निर्माण होत नाही, १,००० मीटरवरील थंड रात्रींत निर्माण होतो. काबर्नेने कणा दिला, कारिन्यांने आंबटपणा व रंग दिला, सँसोने सुवास दिला. तिघांपैकी एकटी कोणतीही जात हे काम करू शकली नसती. आपण मिश्र पिकाचे तत्त्व शेतात जाणतो. येथे ते पेल्यात दिसते.

पांढरी वाइन

यानंतर पांढऱ्या वाइन आल्या, आणि क्रमाचे कोडे उलगडले. नवी पांढरी वाइन ‘पांढरी’ म्हणावी अशी नव्हतीच. ती सोनेरी होती. वासात पिकलेले पेर, मध, किंचित मेण आणि बदामाच्या गराचा भास. मद्याचा अंश सुमारे १२ टक्के, म्हणजे लालपेक्षा कमी. तरी तोंडात तिचे वजन लाल वाइनहून अधिक भासले. साधारणतः पांढरी वाइन थंडगार करून देतात. ही मात्र तळघराच्याच गारव्यावर, म्हणजे सुमारे १५ अंशांवर होती. तिला बर्फात ठेविले असते तर अर्धे बोल ती बोललीच नसती.

जुनी पांढरी तर तांबूस मधाच्या रंगावर आली होती. अक्रोड, वाळवलेले जर्दाळू, संत्र्याच्या सालीचा पाक, आणि शेवटी स्वच्छ, खडीसाखरेसारखा नव्हे तर खडकासारखा कोरडेपणा. गोडीचा वास असून जिभेवर गोडी मुळीच नाही, हा अनुभव प्रथम चाखणाऱ्यास चकित करतो. घोट थुंकून टाकल्यावरही चव मिनिटभर मागे राहिली. चारांपैकी ही वाइन सर्वांत मोठी, असा आमचा निर्णय झाला. आधी ही चाखली असती, तर नव्या लाल वाइनची चव हिच्यापुढे फिकी पडली असती. देशी म्हणून ज्या फळास दूर सारले जात होते, कलमाविना डोंगरावर उभ्या असलेल्या जुन्या वेलांचे ते फळ, काबर्नेसारख्या जगप्रसिद्ध जातीस मागे टाकून गेले. वेल जुना झाला की घड कमी देतो, हा त्याचा दोष आपण मानतो. परंतु खोल गेलेल्या मुळांतून व थोड्या घडांतून जो रस येतो तो दाट असतो, हा गुण पेल्यातच दिसतो.

दोषांची बाजू

केवळ स्तुती करणे हे परीक्षेचे लक्षण नव्हे. जुन्या लाल वाइनमध्ये शिरक्याची पुसट झाक आम्हांस स्पष्ट लागली. रस आंबताना काही जंतू मद्याचे शिरक्यात रूपांतर करतात. गंधक कमी वापरला व विरजण निसर्गावर सोडले म्हणजे हा धोका वाढतो. थोड्या प्रमाणात हा अंश सुवासाला उठाव देतो, प्रमाण सुटले तर वाइन बिघडते. होशारांच्या वाइनविषयी जाणत्यांत यावरून फार दिवसांचा मतभेद आहे. एक पक्ष म्हणतो, हा कारखान्याचा दोष. दुसरा म्हणतो, हाच त्या वाइनचा जिवंतपणा. एकाच सालच्या दोन बाटल्यांतही फरक आढळतो.

आमचे मत असे की, जुन्या पेल्यात हा अंश मर्यादेच्या काठावर होता, पलीकडे नव्हता. परंतु ही मोकळीक ज्याच्या हाताखाली तीन पिढ्यांची माहिती आहे त्यालाच शोभते. नव्या माणसाने सर्व काही निसर्गावर सोडले तर त्याच्या हाती शिरका येईल, वाइन येणार नाही.

युद्धकाळ व थांबण्याची किंमत

या वाइनची खरी किंमत मात्र चवीपुरती नाही. लेबनॉनमध्ये १९७५ पासून १९९० पर्यंत यादवी युद्ध चालले. बागा एकीकडे, कारखाना दुसरीकडे, आणि मधला पर्वती रस्ता कधी या पक्षाच्या तर कधी त्या पक्षाच्या ताब्यात. ज्या फळास दोन तासांत पोहोचावयाचे त्याला कधी कधी कित्येक दिवस लागत. १९७६ साली वाइन झालीच नाही. १९८४ साली रस्ते तुटल्यामुळे गाड्या इतक्या अडकल्या की घड वाटेतच आंबू लागले, आणि त्या सालची वाइन नेहमीप्रमाणे बाजारात गेली नाही. बाकीच्या सर्व सालांत तोडणी झाली, टाक्या भरल्या, पिपे भरली. तोफा चालत तेव्हा तळघर हेच आसऱ्याचे स्थान असे.

देशातील गिऱ्हाईक युद्धाने नाहीसे झाले, तेव्हा सर्ज होशार यांनी आपल्या बाटल्या इंग्लंडात नेल्या. १९७९ साली ब्रिस्टल येथील वाइनच्या प्रदर्शनात मायकेल ब्रॉडबेंट या नामांकित परीक्षकाने त्या चाखल्या व त्यांची वाखाणणी केली; तेव्हापासून या घराण्याचे नाव जगभर झाले. १९८४ साली, म्हणजे ज्या साली फळ वाटेत आंबले त्याच साली, ‘डिकँटर’ या इंग्रजी मासिकाने वर्षातील मान्यवर व्यक्ती म्हणून पहिला सन्मान सर्ज यांना दिला.

येथे विचार करण्यासारखे हे की, १९७९ साली जी वाइन चाखली गेली ती युद्धापूर्वीच्या फळाची होती. सात वर्षे थांबण्याची रीत नसती, तर त्या अवघड काळात दाखविण्यास हाती काहीच नसते. तळघरातील साठा हे त्या घराण्याचे धान्याचे पेव ठरले. पण या थांबण्याची किंमतही थोडी नाही : सात सालांचे पीक न विकता पडून ठेवावयाचे, त्यावरील मजुरी, बाटली, जागा व व्याज सोसावयाचे. संकटेही संपलेली नाहीत. २०१९ पासून लेबनॉनचा पैशाचा व्यवहार कोलमडला, ऑगस्ट २०२० मध्ये बैरूत बंदरात मोठा स्फोट झाला, आणि २०२४ साली बेका खोऱ्यावर पुन्हा बाँबफेक झाली. अशा देशात आज तोडलेले फळ सात वर्षांनी विकू म्हणणे, ही श्रद्धा जमिनीवरची आहे.

आपल्या बागाईतदारांस बोध

आता आपल्याकडे पाहू. नाशिकचा प्रत्येक बागाईतदार कारखानदार व्हावा असे आम्ही म्हणत नाही. तसे करणे अविचाराचे होईल. सात वर्षे भांडवल अडकविण्याचे सामर्थ्य थोड्यांस असते, आणि थोड्या माणसांच्या उदाहरणावरून सर्वांस सल्ला देऊ नये. तथापि तीन गोष्टी बहुतेकांच्या आवाक्यातल्या आहेत.

पहिली, जो कोणी वाइनची जात लावून कारखान्यास फळ देतो, त्याने आपल्या शेताच्या फळाची वाइन वेगळी ठेवून निदान काही बाटल्या आपणांस दाखवाव्या, अशी अट बोलून पाहावी. एकट्याचे कोणी ऐकणार नाही. दहा बागाईतदारांनी मिळून मागणी केली तर ऐकले जाईल. आपले फळ हिरवट उतरले की पाणचट, हे जिभेने कळल्यावाचून पुढल्या सालच्या पाण्यात व घडांच्या विरळणीत सुधारणा होणार नाही. वजनाच्या पावतीवरून हे कधीच कळत नाही.

दुसरी गोष्ट जुन्या जातींची. भोकरी, फकडी, पांढरी साहेबी ही नावे एके काळी आपल्या बागांत घरोघर होती. पांढऱ्या साहेबीच्या बियांतून निवडलेली चीमा साहेबी आपणांस परिचित होती. थॉम्सनचे बियांविना फळ आल्यावर या जाती मागे पडल्या, आणि बाजाराच्या दृष्टीने ते योग्यच झाले. पण त्या वाइनला चांगल्या की वाईट, हे चाखून ठरवावे, ऐकीव गोष्टींवरून ठरवू नये. थॉम्सनमधूनच तासगावकडे तास-ए-गणेश व सोलापूरकडे सोनाका निवडून काढणारे डोळे आपल्याच बागाईतदारांचे होते. कोणाच्या बांधावर वा परसात जुना वेल उभा असेल तर तो तोडण्यापूर्वी त्याची काडी मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडे दाखवावी. ओबैदेह व मेरवाहचे वेलही कोणी तरी न तोडता ठेविले, म्हणूनच आज त्यांचे फळ पेल्यात उतरते.

तिसरी गोष्ट हिशेबाची. जो घरचा कारखाना काढू इच्छितो त्याने बागेचा खर्च व यंत्रांचा खर्च मांडून थांबू नये. न विकता ठेवावयाच्या मालाचे व्याज हे तिसरे कलम सर्वांत जड असते. २००८ नंतर जे बुडाले त्यांपैकी पुष्कळांच्या वहीत हे कलम नव्हते. एकट्यास न पेलणारे हे ओझे सहकाराने पेलेल काय, याचा विचार आपल्या सभांतून अवश्य व्हावा. एखाद्या गावच्या पाच-सहा जणांनी मिळून थोड्या पिपांवर प्रयोग केला, तर नुकसान मोठे होणार नाही आणि ज्ञान मात्र घरात राहील.

पेल्यात उतरलेले फळ खोटे बोलत नाही. थंड रात्र, खोल मूळ, योग्य दिवशी झालेली तोडणी, मालकाचा धीर आणि त्याचा हलगर्जीपणा, हे सारे तेथे लिहिलेले असते. ते वाचण्याची विद्या आजवर बहुधा विकत घेणाऱ्याकडे राहिली. ती पिकविणाऱ्याकडे यावी, एवढीच आमची इच्छा आहे. आपल्या बागेचे फळ कारखान्यास देणाऱ्या बागाईतदारांनी आपले अनुभव, आणि जुने वेल ज्यांच्याजवळ असतील त्यांनी त्यांची माहिती, या मासिकाकडे अवश्य पाठवावी. ती आम्ही आनंदाने प्रसिद्ध करू.